ऊ नू आणि लष्कराला मिळालेली पहिली गादी

म्यानमारमधल्या लष्करी राजवटीचा हिशेब बहुतेक जण १९६२ पासून मांडतात. खरं तर तो चार वर्षं मागून मांडायला हवा. लष्कर पहिल्यांदा सत्तेवर बसलं ते १९५८ मध्ये, तेही पंतप्रधान ऊ नू यांनी बोलावल्यावर.

नू यांचा जन्म १९०७ चा. १९३६ मध्ये रंगून विद्यापीठाने प्राचार्यांवर जाहीर टीका केल्याबद्दल त्यांना काढून टाकलं. त्यांचे सहकारी, पुढे स्वातंत्र्यलढ्याचे नेते झालेले आँग सान यांच्यावरही कारवाई झाली आणि विद्यार्थ्यांचा मोठा संप पेटला. १९ जुलै १९४७ रोजी सचिवालयात चालू बैठकीत बंदूकधारी घुसले आणि आँग सान यांच्यासह निम्म्याहून अधिक मंत्री मारले गेले. देश नू यांच्या गळ्यात पडला तो असा.

४ जानेवारी १९४८ ला ज्योतिषांनी काढलेल्या मुहूर्तावर, भल्या पहाटे, ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. मुहूर्त काही फळला नाही. वर्षभरात कम्युनिस्ट आणि करेन या वांशिक गटाचे बंडखोर उठले, रंगूनच्या वेशीवरचं इन्सेन करेनांच्या हाती गेलं. नेहरूंनी शस्त्रं धाडली, सरकार कसंबसं टिकलं.

नू यांचा जीव मात्र धर्मात रमायचा. १९५४ मध्ये त्यांनी रंगूनला सहावी बौद्ध संगीती, म्हणजे भिक्खूंची धर्मसभा, भरवली, त्यासाठी मुद्दाम कृत्रिम गुहा बांधून घेतली. त्याच वर्षी डिसेंबरात जागतिक बौद्ध परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर रंगूनला गेले होते.

१९५८ मध्ये सत्ताधारी आघाडी फुटली आणि नू यांनी कारभार सेनापती ने विन यांच्याकडे सोपवला. मनाने की धाकाने, हा वाद आजही मिटलेला नाही. ने विन यांनी निवडणूक घेतली आणि १९६० मध्ये नू दणक्यात परतले. बौद्ध धर्माला राजधर्म करण्याचं आश्वासन त्यांना पावलं. १९६१ मध्ये ते पाळलं, तेव्हा कचिन या वांशिक गटातले ख्रिस्ती बिथरले. शान या दुसऱ्या वांशिक गटाचे पुढारी संघराज्याचा आग्रह धरून बसलेच होते. त्यांच्याशी रंगूनला बोलणी चालू असतानाच, २ मार्च १९६२ रोजी ने विन पुन्हा आले. या वेळी न बोलावता.

नू चार वर्षं कैदेत राहिले. पुढे थायलंडच्या सीमेवरून सशस्त्र लढ्याचा प्रयत्न केला, तो फसला. मग भारताने आसरा दिला आणि ते भोपाळला राहिले. १९८० मध्ये माफी मिळाल्यावर मायदेशी परतले. १९८८ मध्ये लष्करी राजवटीविरुद्ध झालेल्या उठावात, ऐंशी पार केलेल्या नू यांनी ‘कायदेशीर पंतप्रधान मीच’ म्हणत समांतर सरकार जाहीर केलं. ते बरखास्त करायला नकार दिल्यावर त्यांना नजरकैदेत टाकलं गेलं. १९९२ मध्ये सुटका झाली, १९९५ मध्ये निधन.