द थर्टी-सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन

हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचा १९७८ सालचा कुंग फू चित्रपट. दिग्दर्शन लाउ कार-लेउंग यांचे, पटकथा नी कुआंग यांची, मुख्य भूमिकेत गॉर्डन लिउ. अमेरिकेत तो ‘मास्टर किलर’ या नावाने लागला. जुन्या वळणाच्या कुंग फूपटांत सर्वांत सरस कोणता, यावर चाहत्यांचे आजही एकमत होत नाही, पण त्या वादात हे नाव आल्याशिवाय राहत नाही.

कथा चीनवर मांचू लोकांच्या छिंग राजवटीची सत्ता असतानाच्या कँटन शहरातली. मांचू सत्तेविरुद्ध गुप्तपणे काम करणाऱ्यांना एक तरुण विद्यार्थी जाऊन मिळतो. सेनापती तिएन ता (लो लिए) तो गट चिरडतो, तरुणाच्या जवळची माणसे मारली जातात. जखमी अवस्थेत भाजीच्या गाडीत लपून तो शाओलिन मठ गाठतो आणि पुढे भिक्षू होऊन सान ते हे नाव घेतो. हे नाव दक्षिण चीनमधल्या शाओलिन दंतकथांतले आहे. सूडकथेचा एवढा भाग त्या काळच्या कितीतरी चित्रपटांत सापडतो. या चित्रपटाचे वेगळेपण मठाच्या आत आहे.

मठात कुंग फू विद्येची ३५ दालने आहेत. सान ते उतावीळपणे एकदम सर्वांत वरचे दालन मागतो. तिथे सूत्रपठण करत बसलेल्या वृद्ध भिक्षूंपुढे त्याचा क्षणभरही टिकाव लागत नाही, आणि मग त्याला मुकाट्याने अगदी खालून सुरुवात करावी लागते. पहिला धडा भोजनगृहाच्या वाटेवरच्या पाण्यात. तरंगत्या लाकडांच्या मोळीवर पाय टेकवून पलीकडे जायचे. जो पाण्यात पडला, त्याचे जेवण हुकले. पुढच्या दालनात दोन्ही हात बाजूंना ताणून पाण्याच्या बादल्या चढणीवर न्यायच्या. दंडांना सुऱ्या बांधलेल्या, त्यांची टोके बरगड्यांकडे. हात जरा खाली आला की पाते अंगात रुतते. मनगटासाठी लांबलचक काठी टोकाला धरायची आणि तिच्या दुसऱ्या टोकाच्या वजनदार हातोड्याने घंटेवर टोले द्यायचे, तेही समोर बसलेला भिक्षू लाकडी वाद्यावर जो ठेका धरेल त्याच ठेक्यात. नजरेच्या दालनात चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना जळत्या उदबत्त्या. हलत्या दिव्याचा माग फक्त बुबुळांनी घ्यायचा, मान वळली की चटका.

चित्रपटाचा मोठा भाग या शिक्षणात जातो. त्या सबंध काळात खलनायक फिरकत नाही, तरी कंटाळा येत नाही. तालमीत नव्या पोराला वस्ताद लगेच डाव शिकवत नाहीत, आधी माती उकरायला लावतात. सान तेची कथा त्या माती उकरण्यातच रमते. प्रत्येक दालनात आधी फजिती, मग युक्ती सुचणे, मग सराव, आणि एके दिवशी ती गोष्ट सहज जमून जाणे. पाहणाऱ्याच्याही हाताला त्या बादल्यांचा भार जाणवू लागतो. चाहते हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहतात ते बहुधा याचसाठी.

या तपशिलाला दिग्दर्शकाच्या घराण्याचा आधार आहे. लाउ कार-लेउंग (१९३४–२०१३) यांचे वडील लाउ चाम हे लाम साय-विंग यांचे शिष्य, आणि लाम हे सुप्रसिद्ध कुंग फू वस्ताद वाँग फेइ-हुंग यांचे. हुंग गार या दक्षिण चिनी कुंग फू शैलीची ही थेट परंपरा. गॉर्डन लिउसुद्धा याच घरात शिकले. त्यामुळे कॅमेरा भरपूर मागे ठेवता येतो, नटाचे पाऊल, कंबर, मनगट सगळे एका चौकटीत दिसते आणि हालचाल पुरी होईपर्यंत दृश्य तुटत नाही. मठाच्या न्यायाधिकारी भिक्षूशी झालेल्या लढती तर शिकवणीसारख्या पाहाव्यात. त्याच्या जोड-सुऱ्यांपुढे सान ते हरतो, आणखी तयारी करून जातो, पुन्हा हरतो. अखेर बांबूच्या बनात सराव करताना त्याला तीन तुकड्यांच्या साखळीदार काठीची कल्पना सुचते आणि तो जिंकतो.

छत्तिसावे दालन मठात नाहीच. मठाबाहेरच्या सामान्य लोकांना विद्या द्यावी, हा सान तेचा प्रस्ताव नियमांत बसत नाही. मठाधिपती त्याला शिक्षा म्हणून बाहेर घालवतात, आणि ती शिक्षाच त्याला हवी असलेली मोकळीक ठरते. यानंतरचा भाग मात्र घाईचा आहे. शिष्य भराभर जमतात, तिएन ताशी शेवटची लढत चांगली असूनही थोडक्यात आटोपते. स्त्रियांना कथेत जवळपास जागाच नाही, ही उणीवही खरी.

अमेरिकेत या चित्रपटाला कृष्णवर्णीय तरुणांचा मोठा चाहतावर्ग मिळाला. न्यूयॉर्कच्या वू-टँग क्लॅन या रॅप गटाने १९९३ मधल्या पहिल्या अल्बमच्या नावातच ‘३६ चेंबर्स’ घेतले; गटाचे सूत्रधार रिझा यांनी पुढे चित्रपटाला स्वतःचे संगीत देऊन ते पडद्यासमोर प्रत्यक्ष सादरही केले. क्वेंटिन टॅरँटिनो यांनी ‘किल बिल’च्या दोन भागांत गॉर्डन लिउ यांना दोन वेगळ्या भूमिका दिल्या.

लाउ यांनीच पुढचे दोन भाग काढले. १९८० च्या ‘रिटर्न टू द थर्टी-सिक्स्थ चेंबर’मध्ये लिउ सान तेचे सोंग घेणाऱ्या भामट्याच्या विनोदी भूमिकेत आहेत, तो मठाभोवती बांबूची परांची बांधता बांधता नकळत कुंग फू शिकतो. १९८५ च्या ‘डिसायपल्स ऑफ द थर्टी-सिक्स्थ चेंबर’मध्ये ते पुन्हा सान ते झाले, पण कथा फाँग साय-युक या उनाड शिष्याची आहे.