एचेव्हेरिया (आडनाव)

एचेव्हेरिया हे स्पेन आणि लॅटिन अमेरिकेत आढळणारे, मूळचे बास्क आडनाव. स्पॅनिश उच्चार ‘एचेबेर्रिया’च्या जवळ जातो. बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेरी’ म्हणजे नवे. आपल्याकडचे नवघरे म्हणजे अर्थाने याचे सख्खे भावंडच.

पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्स दोन्हींकडे पसरलेल्या बास्क मुलखात पूर्वी माणसाची ओळख घरावरून ठरे. घराला नाव असे आणि राहणाऱ्यांना तेच चिकटे. घरजावई आला तरी गावात तो सासऱ्याच्या घराच्या नावानेच ओळखला जाई. वाडीत जुन्या घराजवळ दुसरे उभे राहिले की ते ‘नवे घर’. पुढे ते दोनशे वर्षांचे झाले तरी नाव तेच. अशी नवी घरे गावोगाव असल्याने एकमेकांशी काडीचे नाते नसलेल्या अनेक कुटुंबांचे हेच आडनाव झाले. सगळ्या एचेव्हेरियांचे मिळून एकच कुलचिन्ह म्हणून जे विकले जाते, त्यावर म्हणूनच भरवसा ठेवू नये. १९०४ चे साहित्याचे नोबेल विभागून मिळालेले होसे एचेगाराय यांचे आडनावही याच जातीचे: ‘वरचे घर’.

बोलीनुसार रूपे बदलतात. बिस्काय प्रांतात ‘बेरी’चे ‘बारी’ होते, म्हणून एचेबारिया. फ्रान्सच्या बाजूला एचेवेरी. सुरुवातीचा ‘ए’ गळाला की चाव्हारिया. हे रूप कोस्टा रिकात बरेच दिसते. नाव्हारा प्रांतातल्या एका गावाच्या नावात तर मूळ शब्द इतका झिजला की त्याचे हाव्हिएर, म्हणजेच झेवियर झाले. तिथल्या किल्ल्यात १५०६ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात उतरले. वडिलांचे आडनाव हासो, आईचे आस्पिलिकुएता. झेवियर हे घराण्याच्या किल्ल्याचे नाव. जुन्या गोव्यात त्यांचे शव आहे आणि मुंबईत १८६९ पासून त्यांच्या नावाचे कॉलेज. घरोघरच्या झेवियर नावामागे असे एक बास्क ‘नवे घर’ उभे आहे.

स्पेनमध्ये हे आडनाव आजही मुख्यतः गिपुस्कोआ, नाव्हारा आणि बिस्काय या भागांत एकवटलेले आहे. बाहेर ते पोहोचले त्याला वारसापद्धतही कारणीभूत: घर आणि जमीन अखंड एकाच वारसाकडे जाई, बाकीच्या भावंडांनी वाट धरायची. काही वसाहतकाळातच लॅटिन अमेरिकेत गेले, एकोणिसाव्या शतकात अर्जेंटिना, उरुग्वे आणि चिलीकडे रीघ लागली. कोलंबियातील अँटिओकिया प्रांतात एचेव्हेरी आणि एचाव्हारिया ही रूपे रुजली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या सेंट पिएर आणि मिकेलाँ या चिमुकल्या फ्रेंच बेटांवर देचेव्हेरी भेटतात.

अर्जेंटिनाचे लेखक एस्तेबान एचेव्हेरिया (१८०५–१८५१) यांचे नाव ब्यूनोस आयर्स प्रांतातील एका तालुक्याला दिले आहे. लुइस एचेव्हेरिया १९७० ते १९७६ या काळात मेक्सिकोचे अध्यक्ष होते. क्यूबाचा विद्यार्थी नेता होसे आंतोनियो एचेव्हेरिया १९५७ मध्ये हुकूमशहा बातिस्ताच्या राजवटीविरुद्धच्या उठावात मारला गेला.

स्पेनमध्ये फ्रँकोच्या हुकूमशाहीत बास्क नावांवर बंधने होती. लोकशाही परतल्यावर अनेक कुटुंबांनी आडनावातल्या ‘च’साठी स्पॅनिश ‘सी-एच’ टाकून बास्क ‘टी-एक्स’ आणि ‘व्ही’च्या जागी ‘बी’ घेतला. १९९९ च्या कायद्याने नोंदणी कार्यालयात अशी दुरुस्ती सोपी केली. समुद्रापलीकडच्या शाखांनी मात्र बहुतेक जुनेच स्पेलिंग ठेवले आहे.