ढोल कोणाला ऐकू आला?

होळीच्या दुसऱ्या दिवशी तळोद्याच्या मित्राने आमच्या गटावर एक ध्वनिमुद्रण पाठवले. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावची होळी सातपुड्यात सर्वांत मानाची समजली जाते, आणि तेथे पहाटेच्या सुमारास वाजणारे ढोल व पावरी हे फुंकून वाजवायचे वाद्य त्याने मोबाइलवर टिपली होती. गटात आम्ही पंधरा-वीस जण आहोत. कोणी जळगाव-धुळ्याला राहतो, कोणी शिरपूरला, तर काही जण नोकरीनिमित्त सुरत आणि पुण्याला गेलेले आहेत. आवडलेले गाणे पाठवायचे आणि ते का आवडले हे दोन ओळींत लिहायचे, एवढाच आमचा नियम आहे. सुरतेच्या मित्राने ऐकून लिहिले, "छातीत धडधडले." जळगावच्या मित्राने मात्र विचारले, "ढोल आहे कुठे? मला तर नुसती टणटण ऐकू आली." यावर दोन दिवस वाद चालला आणि तो मला फार मोलाचा वाटला, कारण दोघेही खरे बोलत होते. पहिल्याने कानावर हेडफोन लावले होते, तर दुसऱ्याने मोबाइलच्या लहानशा स्पीकरवर ऐकले होते.

खालच्या पट्टीतील आवाज निर्माण करायचा, तर पुष्कळ हवा हलवावी लागते. मोठ्या ढोलाचा मूळ सूर शंभर हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला शंभर कंपनांच्या) आसपास किंवा त्याहूनही खाली असतो, आणि नखाएवढा पडदा असलेला मोबाइलचा स्पीकर तेवढी हवा हलवूच शकत नाही, त्यामुळे तो भाग जवळजवळ नाहीसा होतो आणि उरते ती ढोल बडवणाऱ्या दांडीच्या आघाताची वरची टणटण. येथे एक रास्त शंका येते. पुरुषाचा आवाजही बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या दरम्यानचा असतो, आणि जुना टेलिफोन तर ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे पाठवत असे. तरीही फोनवर वडिलांचा आवाज आपल्याला वडिलांचाच वाटे, तो कसा? मानवी आवाजात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर असतात. मूळ सूर गाळला गेला, तरी या उपस्वरांमधील सारखे अंतर ओळखून मेंदू हरवलेला सूर स्वतःच भरून काढतो.

ढोलाला ही सवलत मिळत नाही, कारण साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर अशा पूर्णांकी पटीत नसतात आणि मेंदूला हिशेब जुळवण्यासाठी काही धागाच सापडत नाही. तबल्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पुडीवरील काळ्या शाईमुळे उपस्वर जवळजवळ पूर्णांकी पटीत येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले होते. म्हणूनच तबल्याचा सूर लहान स्पीकरवरही बराचसा ओळखू येतो आणि काठी गावचा ढोल मात्र हरवतो. जळगावच्या मित्राने नंतर हेडफोन लावून तेच मुद्रण पुन्हा ऐकले आणि रात्री अकरा वाजता मला फोन केला.

गाणे पाठवताना आणखी एक बदल होतो, तो म्हणजे संक्षेपण, फाइल आवळून लहान करणे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत प्रत्येक वाहिनीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिला जातो. म्हणजे दोन वाहिन्यांचे मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. सेकंदाला १२८ किलोबिटची एमपीथ्री फाइल हे ओझे सुमारे अकराव्या हिश्श्यावर आणते. ते कसे साधते, हे मला ध्वनिशास्त्रातील सर्वांत सुंदर प्रकरणांपैकी एक वाटते. एखादा मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळच्या कंपनसंख्येचा लहान आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. बैल पोळ्याच्या मिरवणुकीत डफाच्या गजरात शेजारच्या माणसाची कुजबुज बुडून जावी, तसे हे घडते. जे कानाला ऐकूच येणार नाही, ते ढोबळपणे लिहिले तरी चालते, हे एमपीथ्रीचे मर्म आहे.

परंतु ज्या गाण्यात लपण्यासाठी आडोसाच नसतो, तेथे ही युक्ती उघडी पडते. जर्मनीतील कार्लहाइन्त्स ब्रान्डेनबुर्ग हे एमपीथ्रीच्या निर्मितीत गुंतलेले असताना, अमेरिकन गायिका सुझान वेगा हिने कोणत्याही वाद्याच्या साथीविना गायलेल्या एका गाण्याने त्यांची खरी परीक्षा घेतली. वाद्यमेळाची गाणी ठीक उतरत होती, पण हा एकटा, जवळून आलेला आवाज संक्षेपणानंतर फारच वाईट ऐकू येई, म्हणून तेच गाणे त्यांनी पुन्हा पुन्हा कसोटीला लावले. हे वाचले तेव्हा मला आमच्याकडील कानबाई या देवीच्या उत्सवातील रात्रीची आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्याची आठवण झाली. ती गाणी बायका बहुधा साथीविनाच म्हणतात. खानदेशातील ज्या गाण्यांना जपण्याची सर्वांत जास्त गरज आहे, तीच गाणी संक्षेपणाला सर्वांत नाजूक आहेत. त्यातही बोलण्यासाठी बनवलेल्या व्हॉइस मेसेजमधून गाणे पाठवले, तर ते आणखी आवळले जाते, आणि असे मुद्रण दुसऱ्या मोबाइलवर वाजवून तिसऱ्यावर पुन्हा टिपले, तर प्रत्येक वेळी झालेली हानी साठत जाते. म्हणून आमच्या गटात घरच्या आजीचे किंवा मावशीचे गाणे मूळ फाइलच्या रूपातच पाठवावे, असा माझा आग्रह असतो.

आता मेंदूकडे वळतो. माँट्रियल येथील व्हॅलोरी सॅलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये, ज्यांना आवडते संगीत ऐकताना अंगावर काटा येतो अशा श्रोत्यांच्या मेंदूची चित्रे घेतली. गाण्यातील आवडत्या जागेवर आनंदाशी निगडित असलेले डोपामिन हे रसायन स्रवते, हे त्यात दिसलेच. पण ती जागा येण्याच्या काही सेकंद आधी, म्हणजे श्रोता तिची वाट पाहत असताना, मेंदूच्या दुसऱ्याच एका भागात ते स्रवू लागलेले होते. संगीताच्या आनंदाचा मोठा भाग असा अपेक्षेत असतो. मित्र जेव्हा "दुसऱ्या कडव्यानंतर पावरी एकदम वर जाते, तेथे लक्ष दे" असे लिहितो, तेव्हा तो मला ती अपेक्षा आधीच हाती देतो, असे माझे मत आहे. अनोळखी चालीबाबत याचा विशेष उपयोग होतो, कारण तिच्या वळणांची मला सवय नसते. शिवाय मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये मांडल्याप्रमाणे, एखादी गोष्ट वारंवार समोर आली की केवळ त्या परिचयानेही ती आवडू लागते. एकदा ऐकून बाजूला ठेवलेले गाणे कोणी आग्रहाने तिसऱ्यांदा ऐकायला लावले, तर बऱ्याचदा मत बदलते. माझे पावरीबद्दलचे मत असेच बदलले.

गाण्यांवर बोलता बोलता माणसेही कळत जातात. पीटर रेन्टफ्रो आणि सॅम गॉस्लिंग यांच्या २००६ मधील अभ्यासात अनोळखी तरुणांना सहा आठवडे इंटरनेटवरून एकमेकांची ओळख करून घ्यायला सांगितले होते, आणि सर्व विषयांत संगीतावर सर्वांत जास्त बोलणे झाले. दुसऱ्या टप्प्यात काही जणांना एखाद्याच्या आवडीची दहा गाणी ऐकवली, तेव्हा त्या व्यक्तीच्या स्वभावातील काही पैलू, विशेषतः नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा, त्यांनी बऱ्यापैकी अचूक ओळखला.

त्याच वर्षी, २००६ मध्ये, मॅथ्यू सॅल्गॅनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी केलेला एक प्रयोग मात्र सावध करणारा आहे. त्यांनी अपरिचित वाद्यवृंदांची ४८ गाणी १४,३४१ जणांसमोर ठेवली. काही जणांना फक्त गाणी दिसत होती. इतरांना आठ वेगवेगळ्या गटांत विभागून, आपल्या गटातील किती जणांनी कोणते गाणे उतरवून घेतले, हा आकडाही दाखवला जात होता. आकडे दिसू लागताच लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली, आणि कोणते गाणे वर जाणार हे गटागणिक बदलले. स्वतंत्र श्रोत्यांच्या पसंतीत २६ वे आलेले एक गाणे एका गटात पहिले ठरले आणि दुसऱ्या गटात ४० वे. सर्वांत चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि सर्वांत वाईट सहसा शिखरावर गेली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचे नशीब पहिल्या काही श्रोत्यांच्या हाती राहिले. यूट्यूबवर काही अहिराणी गाणी कोटींच्या घरात पाहिली गेली आहेत, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यांच्या शेजारी दोनशे वेळाच ऐकले गेलेले गाणे कमअस्सल असेलच, असे तो आकडा सांगत नाही.

गाणी सुचवणाऱ्या यंत्रणाही श्रोत्यांच्या अशाच नोंदींवर चालतात. अमेरिकेतील एमआयटीमध्ये उपेंद्र शार्दानंद आणि पॅटी माएस यांनी १९९५ मध्ये 'रिंगो' नावाच्या प्रणालीचे वर्णन केले. लोक कलावंतांना गुण देत, प्रणाली सारख्या आवडीची माणसे शोधत असे आणि त्यांना आवडलेले पण तुम्ही न ऐकलेले संगीत तुम्हाला सुचवत असे. कल्पना तोंडी शिफारशीचीच होती. अडचण अशी की, ज्या गाण्याला अजून कोणी ऐकलेलेच नाही, त्याची अशा यंत्रणेकडे कसलीच नोंद नसते. पुढे गाण्याच्या ध्वनीचेच विश्लेषण करून ही उणीव भरण्याच्या पद्धती आल्या, पण शिंदखेड्याच्या एका ओसरीवर टिपलेली आखाजीची चाल कोणाला आणि का ऐकवावी, हे त्या चालीसोबत आलेल्या आठवणीला जेवढे कळते, तेवढे ध्वनीच्या आलेखाला कळत नाही.

अशी एक चाल या उन्हाळ्यात आमच्या गटावर आली. पाठवणाऱ्याने खाली एवढेच लिहिले होते, "हाई आखाजीनं गानं शे, मन्ही माय म्हने." तासाभरात शिरपूरहून उत्तर आले की, त्यांच्याकडे हेच गाणे म्हणतात, पण शेवटची ओळ वर नेतात. सुरतेच्या मित्राने आपल्या सासूबाईंना ऐकवले, तर त्यांनी तिसरीच चाल म्हणून दाखवली आणि दोन कडवी जास्त सांगितली. आता तिन्ही मुद्रणे मूळ फाइलच्या रूपात माझ्याकडे आहेत, आणि ती दोन कडवी धुळ्याकडे कोणाला येतात का, याची विचारणा गटावर सुरू आहे.