मालक करार पुढे वाढवत नाही: तुम्ही भाडेकरू की लायसन्सी?

पुण्यात दोघांनाही आपण भाडेकरूच म्हणतो. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजोबांपासून दोन खोल्यांत राहणारं कुटुंब भाडेकरू, आणि वाकडला अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतलेलं जोडपंही भाडेकरू. कायद्याच्या लेखी मात्र हे दोघे वेगळे आहेत, आणि एकाला दिलेला सल्ला दुसऱ्याने ऐकला तर नुकसान ठरलेलं. वाड्यातल्या काकांचं "कोण काढतंय बघू, बस तिथेच" ऐकून फ्लॅटमध्ये बसून राहिलात तर दर महिन्याला दुप्पट पैसे अंगावर येतात. उलट "मुदत संपली, आता निघायलाच हवं" असं समजून वाड्यातली खोली रिकामी केली तर तीन पिढ्यांचा हक्क एका दुपारी जातो.

म्हणून मालकाशी बोलण्याआधी कपाटातला कागद काढा. वर 'लिव्ह अँड लायसन्स' लिहिलंय, मालक 'लायसन्सर' आणि तुम्ही 'लायसन्सी' आहात, ठरावीक मुदत आहे, अंगठ्याचे ठसे देऊन ऑनलाइन नोंदणी झालीय, तर तुम्ही लायसन्सी, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी मिळालेला. गेल्या पंचवीस वर्षांत पुण्यात राहायला दिलेले बहुतेक फ्लॅट याच प्रकारात मोडतात. आणि जुनी भाडेपावती आहे, मुदतीचा कागदच नाही किंवा कधीचा संपलाय, भाडं महिन्याला काही शेकड्यांत आहे, तर तुम्ही खरे भाडेकरू असण्याची शक्यता दाट.

दोघांनाही लागणारा कायदा एकच आहे: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. पण लायसन्सीसाठी त्यात कलम २४ वेगळं ठेवलंय, आणि ते मालकाच्या बाजूचं आहे. राहण्यासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली की जागा परत करायची, असं ते म्हणतं. मालकाला कारण द्यावं लागत नाही. त्याला स्वतःला राहायचंय, जास्त भाडं देणारा मिळालाय की नुसता तुमचा कंटाळा आलाय, याची चौकशी होत नाही. 'परस्पर संमतीने मुदत वाढवता येईल' हे वाक्य करारात असलं तरी संमती दोघांची लागते, त्यामुळे त्यातून तुमचा हक्क उभा राहत नाही. दहा वर्षं दर अकरा महिन्यांनी करार होत आला असला तरी प्रत्येक वेळी तो नवा करार असतो. नवं मुद्रांक शुल्क, नवे ठसे, नवी मुदत. तोंडी शब्दाचंही तसंच. "पाच वर्षं निवांत राहा" असं मालक म्हणाला असेल, पण लेखी करारातल्या मजकुरालाच हे कलम निर्णायक पुरावा मानतं.

सर्वांत जास्त लोक फसतात ते दुप्पट रकमेत: मुदतीनंतर राहिलात तर याच कलमाखाली भाड्याच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. समजा भाडं २२,००० रुपये, मुदत ३१ ऑगस्टला संपली आणि तुम्ही नोव्हेंबरअखेरपर्यंत राहिलात. तीन महिन्यांचे ६६,००० नव्हे, १,३२,००० रुपये मालक मागू शकतो. लाखभर डिपॉझिट असेल तर ते त्यातच वळतं होतं आणि वर ३२,००० देणं उरतं. मधल्या काळात मालकाने नेहमीचे २२,००० घेतले म्हणून करार आपोआप वाढला असं धरून चालू नका. थांबायची परवानगी मिळाली असेल तर किती दिवस आणि किती पैशांत, हे त्याच्याकडून निदान मेसेजवर लिहून घ्या.

मुदतीनंतरही जागा सोडली नाही तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे असे वाद ऐकायला सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करतो. तिथून समन्स आलं की ते हातात पडल्यापासून ३० दिवसांत प्रतिज्ञापत्रासह बचावाची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही तर मालकाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे असं धरून थेट जागा खाली करण्याचा आदेश होतो. निकालावर अपील नाही, फक्त ९० दिवसांत पुनरीक्षण अर्ज, म्हणजे वरिष्ठांनी आदेश पुन्हा तपासावा अशी मागणी. समन्स आल्यावर "बघू तारखेला" म्हणून गावी निघून गेलेल्या माणसाची बाजू कोणी ऐकतच नाही. (दुकान किंवा ऑफिस लायसन्सवर घेतलं असेल तर कलम २४ ची ही वाट नाही, तो वाद न्यायालयात जातो.)

लायसन्सीच्या हातात थोडंच असतं, पण ते सोडू नये. मुदत संपली तरी सामान हलवायला वाजवी वेळ मिळण्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६३ मध्ये आहे. मुदतीच्या आत, तुमची काही चूक नसताना मालकाने बाहेर काढलं तर कलम ६४ खाली भरपाई मागता येते. कुलूप बदलणं, सामान जिन्यात फेकणं, धमकावणं याला मुदत संपल्याचं निमित्त चालत नाही. १०० क्रमांकाच्या जागी आता ११२ आहे. फोन करा, फोटो काढा, लेखी तक्रारीची पोच घ्या.

आता वाड्याकडे. इथे 'करार वाढवत नाही' या वाक्याला फारसा अर्थच नाही, कारण भाडेकरूचा हक्क कागदाच्या मुदतीवर टिकलेला नसतो. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १५ सांगतं की भाडेकरू प्रमाणित (कायद्याप्रमाणे ठरणारं) भाडं आणि परवानगी असलेली वाढ देतोय किंवा द्यायला तयार आहे, आणि बाकीच्या अटी पाळतोय, तोवर मालकाला ताबा मिळत नाही. वर्षाला ४ टक्के वाढ कायद्यातच आहे. ती नाकारू नये. मालकाला जागा हवीच असेल तर कलम १६ मधलं एखादं कारण सिद्ध करावं लागतं: स्वतःची खरीखुरी गरज, परवानगीशिवाय पोटभाडेकरू, पक्कं बांधकाम, शेजाऱ्यांना उपद्रव, वगैरे. मालकाची गरज खरी ठरली तरी जागा गेल्यावर जास्त हाल कुणाचे, हे न्यायालय तोलून बघतं. पुण्यात असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात आणि वर्षानुवर्षं चालतात.

हा हक्क भक्कम आहे, पण पेठांमध्ये तो हमखास दोन ठिकाणी निसटतो. पहिलं म्हणजे कुलूप. कुटुंब कोथरूडला स्वतःच्या फ्लॅटमध्ये जातं आणि वाड्यातली खोली "पुनर्विकासात काहीतरी मिळेल" म्हणून बंद ठेवतं. दाव्याआधी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय जागा वापरात नसेल तर तेच ताबा जाण्याचं कारण बनतं, आणि शून्य युनिटांची वीजबिलं मालकाच्या वकिलाचं काम सोपं करतात. दुसरं भाडं. मालक मुद्दाम भाडं घेणं थांबवतो, भाडेकरूला वाटतं बरंच झालं. तसं करू नका. मनीऑर्डर करा, 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ती परत आली तर तो कागद जपून ठेवा. थकबाकीची लेखी नोटीस आली तर दावा लावण्याआधी मालकाला ९० दिवस थांबावं लागतं. त्याच काळात पैसे भरून टाका. तेही हुकलं तर दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरण्याची एक संधी असते.

जागा सोडावी म्हणून नळ तोडणं, जिन्यातला दिवा काढणं, संडासाला कुलूप घालणं हे जुन्या वाड्यांत चालतं. कलम २९ नुसार तो गुन्हा आहे, आणि न्यायालयाकडून सेवा पूर्ववत करून घेता येते.

या दोहोंच्या मध्ये लटकलेला तिसरा माणूस म्हणजे नोंदणीच न झालेल्या करारावर राहणारा. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला" ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबाबत राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालक उलट सिद्ध करेपर्यंत. अशा वेळी मालकाने घाईघाईने मागच्या तारखेचा कागद सहीला पुढे केला तर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.

राहिलं डिपॉझिट. ते अडकेल या भीतीने लायसन्सी चावी धरून बसतात आणि तिकडे दुप्पट रकमेचं मीटर सुरू होतं. मुदत संपायच्या दोन महिने आधी नव्या कराराचं विचारा. नकार आला तर लेखी कळवा की अमुक तारखेला, अमुक वाजता ताबा द्यायला तयार आहे, डिपॉझिट त्याच वेळी द्यावं. त्या दिवशी वीज मीटरचं रीडिंग, भिंती, नळ, खिडक्या यांचा व्हिडिओ काढा आणि चावी दिल्याच्या कागदावर मालकाची सही घ्या. तो आलाच नाही तर त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टाने कळवा की जागा रिकामी आहे, चावी कधीही घेऊन जा. त्यानंतर जागा अडवून ठेवल्याचा ठपका तुमच्यावर ठेवणं अवघड जातं, आणि डिपॉझिटची नोटीस वकिलामार्फत मागाहून पाठवता येते.