बुडाला तो सुटला

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फॉरवर्ड येतो. मध्ययुगीन युरोपात म्हणे आरोपीला पाण्यात टाकत. तरंगला तर दोषी म्हणून फाशी, बुडाला तर निर्दोष, पण मेलेला! गोष्ट चटकदार आहे, पण तिचा उत्तरार्ध खोटा आहे. आरोपीला दोर बांधलेला असे. रीम्सचा आर्चबिशप हिंकमार याने नवव्या शतकातच या दोराची दोन कारणं सांगितली होती: कोणी फसवू नये, आणि बुडालेल्या निर्दोषाला चटकन वर ओढता यावं. बुडत्याचा पाय खोलात गेला की त्याची सुटका, असा हा न्याय.

हसण्याआधी आठवावं, की आपल्याकडेही 'दिव्य', म्हणजे दोषी-निर्दोष ठरवायला देवावर सोडलेली परीक्षा, होतंच. याज्ञवल्क्यस्मृतीत पाच दिव्यं सांगितली आहेत, आणि मराठेशाहीत उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचं रवादिव्य चालत असे. युरोपात पाद्री पाणी मंत्रून पवित्र करी. असं पाणी पाप्याला पोटात घेणार नाही, अशी श्रद्धा होती.

आता पाण्याला नेमकं काय कळतं ते पाहू. पाण्याला कळते फक्त घनता. माणूस 60 किलोचा असेल, तर तरंगायला त्याचं आकारमान 60 लिटरपेक्षा जास्त हवं. फुफ्फुसातली हवा वगळली, तर सडपातळ पुरुषाच्या शरीराची घनता लिटरला साधारण 1.06 किलो असते, म्हणजे आकारमान सुमारे 56.6 लिटर. उरलेले 3.4 लिटर हवेनेच भरून काढायचे. छाती भरून श्वास घेतला तर आत साडेपाच लिटरच्या आसपास हवा मावते, म्हणजे तो तरंगणार. पूर्ण उच्छ्वास सोडला तरी साधारण 1.2 लिटर हवा आत उरतेच. तेव्हा आकारमान 57.8 लिटर होतं आणि तो सव्वादोन किलोच्या दगडासारखा खाली जातो. नेहमीचा उच्छ्वास सोडल्यावर आत सव्वादोन-अडीच लिटर राहते, तरीही तो बुडतोच. त्यातून आरोपीला उकिडवा बसवून हात गुडघ्यांखाली बांधत. मांड्या पोटावर दाबल्या की श्वासपटल वर ढकललं जातं आणि छातीत हवा आणखी कमी मावते. थोडक्यात, घाबरून 'हाय' म्हणत श्वास सोडणारा सुटला आणि पोहायच्या सवयीने छाती भरून घेणारा अडकला!

बायकांचं गणित वेगळं. शरीरात चरबी जास्त, म्हणून घनता 1.035च्या आसपास. 60 किलोला सुमारे 58 लिटर, त्यात नेहमीच्या उच्छ्वासानंतर उरणारी दोनेक लिटर हवा मिळवली की काटा बरोब्बर मध्यावर. इंग्लंडच्या दप्तरांत जलदिव्य बहुतेक पुरुषांना आणि तापलेलं लोखंड बहुतेक बायकांना दिलेलं दिसतं. कारण लज्जेचं सांगतात. कारण काहीही असो, बायकांचं त्यात भलंच झालं.

कारण लोखंडाचा निकालही वाटतो तितका निर्दय नव्हता. लोखंड हातात धरून नऊ पावलं चालायचं, हात बांधायचा आणि तिसऱ्या दिवशी पट्टी सोडून जखम चिघळली का ते पाहायचं. आज रोमानियात असलेल्या, तेव्हा हंगेरीतल्या वारादच्या 1208 ते 1235च्या नोंदवहीत लोखंड उचललेल्या 208 जणांपैकी 130 निर्दोष सुटले. अर्थशास्त्रज्ञ पीटर लीसन यांचा तर्क असा: देवावर विश्वास असलेला गुन्हेगार दिव्याआधीच कबुली देईल किंवा तडजोड करेल. म्हणजे दिव्याला तयार होणारा बहुधा निरपराधच, आणि हे ओळखून पाद्री लोखंड जरा निवू देत. पाद्र्यांच्या मनात काय होतं हे सिद्ध करणं अवघड, पण आकडे या तर्काशी जुळतात. इंग्लंडचा राजा विल्यम रूफस याने शाही रानातल्या शिकारीच्या आरोपावरून 50 जणांना लोखंड उचलायला लावलं. तिसऱ्या दिवशी पन्नासही हात धड! राजा भडकला.

खोटं पकडणाऱ्या यंत्राचा आलेख दाखवून 'विज्ञानाने गुन्हेगार ओळखला' म्हणणाऱ्या वाहिन्यांना मला हेच सांगावंसं वाटतं: पाण्यासारखंच यंत्रालाही ठरावीकच कळतं. घाम आणि नाडी मोजता येते, खोटेपणा नाही. संमतीशिवाय अशी चाचणी घेता येणार नाही, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितलं आहे.

1215 साली पोप तिसऱ्या इनोसंटच्या रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेने पाद्र्यांना हे विधी करायला मनाई केली. पाणी मंत्रणारा नाही म्हटल्यावर दिव्याची हवाच गेली. इंग्लंडात तिसऱ्या हेन्रीच्या दरबाराने 1219मध्ये फिरत्या न्यायाधीशांना तात्पुरती सोय कळवली: मोठ्या गुन्ह्याच्या आरोपींना कोठडीत ठेवा, मधल्यांना देशाबाहेर घालवा, किरकोळांकडून जामीन घ्या. बाकी तुमच्या विवेकावर.