लॉन्सडेल पट्टा: जिंकणं वेगळं, घरी नेणं वेगळं

शाळेतली फिरती ढाल आठवते? वर्षभर कपाटात मिरवायची आणि पुढच्या गॅदरिंगला मुकाट्याने परत करायची. ब्रिटिश मुष्टियुद्धातला लॉन्सडेल पट्टा मुळात तसाच फिरता. फक्त आपल्या वजनगटातली राष्ट्रीय किताबाची लढत तीनदा मारली की तो कायमचा आपला. पुढे अट कडक झाली. आता किताब जिंकून वर तीनदा राखावा लागतो.

लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ मध्ये तो सुरू केला. कॉव्हेंट गार्डनमधल्या या क्लबात सभासद जेवण उरकून, डिनर जॅकेटात लढती बघायचे; फेरी चालू असताना चकार शब्द काढायचा नाही. पट्ट्याला नाव मिळालं अध्यक्ष लॉर्ड लॉन्सडेल यांचं. (पिवळ्या रंगाचं इतकं वेड, की लोक त्यांना ‘यलो अर्ल’च म्हणत.) पहिला मानकरी लाइटवेटचा फ्रेडी वेल्श. यात मान होता तसा हिशेबही होता. लढती क्लबातच व्हायच्या, म्हणजे पट्टा हवा तर क्लबाचं दार ठोठावणं आलं. पुढे हा कारभार ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोलकडे गेला.

ते दार सगळ्यांना उघडं नव्हतं, हे मात्र कौतुकाच्या ओघात हमखास राहून जातं. किताबासाठी लढणाऱ्याचे आई-वडील दोघंही गोरे हवेत, असा बोर्डाचा चक्क लेखी नियम होता. मँचेस्टरच्या कृष्णवर्णीय लेन जॉन्सनने रोलंड टॉडसारख्या नामांकिताला लोळवलं, तरी ब्रिटिश किताबाची लढत त्याच्या वाट्याला कधी आलीच नाही. नियम हटला १९४८ मध्ये. त्याच वर्षी २८ जूनला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर डिक टर्पिनने व्हिन्स हॉकिन्सला हरवून मिडलवेटचा किताब घेतला. पट्टा निघाल्याला तोवर ३९ वर्षं झाली होती.

एक पट्टा घरी नेताना भल्याभल्यांची दमछाक होते. हेवीवेट हेन्री कूपरने तीन नेले, आणि असं करणारा तो एकटाच. १९६३ मध्ये वेम्बलीवर तरुण कॅशियस क्लेला, म्हणजे पुढच्या मुहम्मद अलीला, डाव्या हुकने खाली बसवणारा तो हाच. लॉइड्सच्या विमा व्यवहारात हात पोळल्यावर १९९३ मध्ये त्याला तिन्ही पट्टे लिलावात काढावे लागले. ४२,००० पौंडांना गेले.