पाँटिॲक जीटीओ

जनरल मोटर्सच्या पाँटिॲक विभागाने 1964 च्या हंगामासाठी विक्रीस आणलेली अमेरिकन मोटारगाडी. मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत मोठ्या गाडीचे एंजिन बसविणे, हे ‘मसल कार’ या वर्गाचे लक्षण हिच्यामुळे रूढ झाले.

या वर्गातील पहिली गाडी कोणती, याविषयी मतभेद आहेत. काही जण 1949 ची ओल्ड्समोबील रॉकेट 88 आद्य मानतात. हलक्या बांधणीत 303 घन इंची (सिलिंडरांचे एकूण आकारमान) व्ही-8, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरांचे, एंजिन असल्याने तत्त्वतः हे मत टिकते. 1955 च्या क्रायस्लर सी-300 चा दावा त्या मानाने दुबळा वाटतो. तिची शक्ती 300 अश्वशक्ती असली, तरी ती आकाराने मोठी व महाग होती. तरुण ग्राहकाला परवडणारी अशी गाडी जीटीओपासून सर्रास मिळू लागली व इतर उत्पादकांनी तिचेच अनुकरण केले, हे पाहता तिलाच वर्गाची जनक म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

जानेवारी 1963 मध्ये जनरल मोटर्सने आपल्या विभागांना शर्यतींतून माघार घ्यायला लावली. पाँटिॲकची ख्याती शर्यतींवरच उभी होती; त्यामुळे ती टिकविण्यास दुसरा मार्ग हवा होता. 326 व 389 घन इंची पाँटिॲक एंजिनांचे बाह्य आकारमान सारखे असल्याने मोठे एंजिन टेम्पेस्ट या पाँटिॲकच्या मध्यम आकाराच्या गाडीत सहज बसते, हे जॉन डेलोरियन, बिल कॉलिन्स व रसेल जी या पाँटिॲकच्या अभियंत्यांच्या ध्यानात आले. मात्र या आकाराच्या गाड्यांतील एंजिनाला जनरल मोटर्सने घातलेली सु. 330 घन इंचांची मर्यादा होती. नव्या प्रतिमानाला वरिष्ठांची मंजुरी लागे, ऐच्छिक साहित्याला लागत नसे. म्हणून जीटीओ हा टेम्पेस्ट ल माँ या टेम्पेस्टच्याच एका प्रकारावरील सु. 295 डॉलरांचा जादा संच म्हणून विकला गेला. विक्री विभागाची तयारी 5,000 गाड्यांपुरतीच होती, खपल्या 32,450.

389 घन इंची (सु. 6.4 लि.) एंजिन एका कार्ब्युरेटरसह 325, तर ‘ट्राय-पॉवर’ या तीन कार्ब्युरेटरांच्या मांडणीसह 348 अश्वशक्ती देई. हे आकडे स्थूल शक्तीचे आहेत. पंखा, सायलेन्सर इ. जोडून मोजल्यास शक्ती बरीच कमी भरते, हे तुलना करताना ध्यानात ठेवावे लागते. नाव फेरारी या इटालियन कंपनीच्या 250 जीटीओ या गाडीवरून घेतलेले असून ते डेलोरियन यांनी सुचविले, असे सामान्यतः मानतात.

1965 मध्ये पुढचे दिवे एकावर एक आले. 1966 पासून जीटीओ स्वतंत्र प्रतिमान झाले व त्या वर्षी 96,946 गाड्या विकल्या गेल्या. 1968 च्या गोलाईदार घडणीत गाडीच्याच रंगाचा, लवचिक ‘एंड्युरा’ बंपर आला. 1974 नंतर उत्पादन थांबले. 2004–06 मध्ये ऑस्ट्रेलियातील होल्डन मोनारोवर आधारित गाडीला हे नाव दिले होते.